बर्फाच्या कारखान्यातला सर्व्हर

२९ जुलै, मंगळवार

गेला! आमचा कॉम्प्युटरवाला रितेश गेला. नवी मुंबईत नोकरी लागली. जाताना राउटरकडे बोट दाखवून म्हणाला, "वहिनी, हा अडला की बंद करून परत चालू करायचा." झालं. एवढं ज्ञान देऊन निघाला पठ्ठ्या.

आता आमच्या बर्फाच्या कारखान्याचे आणि कोल्ड स्टोरेजचे कॉम्प्युटर कोण बघणार? रात्री जेवताना बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणजे सासरे, अख्ख्या थळचे दत्तूशेठ. "तू ती बीएस्सी आयटी का काय ती केलीस ना? मंग बघ."

माझ्या हातातला घास हातातच. या घरात बाईमाणसाने मासळीबाजार गाजवावा, भल्याभल्यांना भावात गप्प करावं. पण कारखान्याच्या ऑफिसात पाय ठेवायचा नाही! बाबांच्या वडिलांपासूनची रीत. सासूबाई आजही चहा उंबऱ्यावर ठेवून मागे फिरतात. आणि मी, तळा गावच्या भातवाल्यांची मुलगी, सुरमई नि घोळ अजून एकमेकांत घोटाळणारी, मी आत!

अट मात्र आहे. मालाची निर्यात करणारी तळोज्याची कंपनी पुढच्या महिन्यात बघायला येणार. कोणत्या होडीचा माल कोणत्या खोलीत, खोली किती थंड, सगळं कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे. पास झालो तर वर्षभर त्यांचा माल आपल्याकडे. "पास जालो तर ऑफिसची चावी तुझी," बाबा म्हणाले. "नायतर अलिबागच्या त्या कॉम्प्युटरवाल्या विपुलला कंत्राट देतो."

चावी म्हणजे साधी गोष्ट नाही. एकच आहे, बाबांच्या कमरेला. ते सकाळी येईपर्यंत सगळे बाहेर उभे.

मला ती चावी हवी आहे. हवीच आहे!

३१ जुलै

दिवसभर वायरींच्या जंगलात. कुठली वायर कुठून निघून कुठे जाते, कोणालाच माहीत नाही. नेटच्या केबलची टोकं उपटून पाहिली तर आतल्या पिना हिरव्यागार. खारी हवा! म्हणून वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर मधूनच मुका व्हायचा, आणि रितेश बिचाऱ्या राउटरला बंद-चालू करत बसायचा. नवी टोकं लावली. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधली. हात काळे, नखं तुटली, पण काटा बोलायला लागला.

सासूबाई दारात. चहा ठेवला, पण गेल्या नाहीत.

"ती हिरवी बत्ती कशापायी गो?"

"नेट चालू आहे म्हणून, आई."

"नि बाजूची लुकलुकते ती?"

तीही सांगितली. पाळत आहे ही! बाबांनीच सांगितलं असणार, तळ्यावालीवर लक्ष ठेव म्हणून. मला नाव असूनही मी यांच्यासाठी तळ्यावालीच.

२ ऑगस्ट

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, होड्या गेल्या. बर्फाची गाडी सकाळपासून थांबलेली नाही.

दुपारी वीज गेली. यूपीएसवर निदान अर्धा तास सगळं चालायला हवं. पाच मिनिटांत मान टाकली! खाली वाकून बघते तर काय — यूपीएसच्या पाठीला खलाशांचे मोबाइल ओळीने चार्जिंगला, एक टेबलफॅन आणि मच्छर मारायचं मशीन. मी सगळं उपटलं. एकच ओरडा, "वहिनी, बॅटरी फुल व्हयाची हाय!" म्हटलं, समुद्रात जाताय ना, तिथे माशांना फोन करणार आहात का? हसले. फॅनवाला नाही हसला.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज पासवर्ड. काय सांगू! काट्यावरच्या माणसाचा पासवर्ड एकवीरा. हिशेबवाल्याचा एकवीरा. बर्फवाल्याचा एकवीरा. बाबांचा — एकवीरा. कोणीही कोणाच्याही नावाने आत शिरून काहीही बदलावं. वर सगळ्यांची तीच श्रद्धा: "देवीचं नाव हाय, कोन हात लावतोय!"

मी सगळे बदलले. बाबा भडकले. "देवीला काढलीस?"

"बाबा, देवीला मान द्यायचा की दाराशी राखण करायला बसवायचं?"

बाबा कीबोर्डकडे वळले. मग स्वतःचा नवा पासवर्ड अगदी पाठ फिरवून, हाताचा आडोसा करून टाकला. टाकताना ओठ हलत होते. मी पूर्ण ऐकला. सांगितलं नाही.

अलिबागहून विपुलभाई येऊन गेले. कॉम्प्युटरचं दुकान त्यांचं, कंत्राटावर डोळा आहे, पण माणूस गोड. "सुचिताबेन, सर्व्हर बहु गरम थाय छे. एसी बसवा." खरं आहे. सगळ्या नोंदी ज्या एका मशीनमध्ये असतात ते आमचं मशीन पत्र्याच्या ऑफिसात नुसतं तापतं. बाबांना सांगितलं, सर्व्हरला थंडावा लागतो. बाबांनी कपाळाला हात लावला. "बर्फाच्या कारखान्यात एसी! सगला थल हसंल!"

७ ऑगस्ट

बॅकअप घेतला. म्हणजे सगळ्या नोंदींची नक्कल एका डिस्कमध्ये, तळहाताएवढी काळी डबी. ही नक्कल सर्व्हरजवळ ठेवायची नाही. आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जायचं. म्हणून घरी. पण घरी कुठे? पोरंटोरं, पाहुणे, मांजर! शेवटी देवघरात ठेवली. तिथे कोणी हात लावत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "निरांजनाने तापनार नाय ना?"

हे मला सुचलंच नव्हतं! डबी वरच्या फळीवर सरकवली. मग त्यांनी विचारलं, काय काय आहे हिच्यात? सांगितलं, सगळा कारखाना. त्यांनी डबीकडे बराच वेळ पाहिलं. बाबांना जाऊन काय सांगणार कोण जाणे.

उद्या माहेरी, तळ्याला, राखीसाठी.

९ ऑगस्ट

तळा. भावाला राखी बांधली. चौफेर भात, हिरवंगार. कुठेही मासळीचा वास नाही — आणि चक्क चुकल्यासारखं झालं! आईला सांगितलं तर म्हणाली, "गेलीस गं बाई तू हातची."

निघताना तिने घरच्या तांदळाची पिशवी दिली थळला न्यायला.

११ ऑगस्ट, सोमवार

देवा रे.

परत येते तर कारखान्याच्या गेटातच बाबा उभे, चेहरा पडलेला. बाबांचा! त्यांनी काय केलं होतं — मी तळ्याला गेले त्याच दिवशी चार माणसं लावून सर्व्हर उचलला नि कोल्ड स्टोरेजच्या पुढच्या खोलीत, पापलेटच्या क्रेटशेजारी मांडला! मला चकित करायचं होतं त्यांना. "तूच बोललीस ना, थंडावा लागतो?"

दोन दिवस चाललाही म्हणे. आज सकाळी अडला. मग बाबांनी तो बाहेर आणला, उन्हात ठेवला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा घामाने निथळला. बाबांनी वरून पंच्याने छान पुसला आणि बटण दाबलं. फट्! आतलं पाणी कोण पुसणार? आतली नोंदींची तबकडीही गेली. मशीनला पापलेटचा वास, एवढंच काय ते उरलं.

कंपनीची माणसं गुरुवारी येणार!

राग आला. भयंकर आला. पण बाबा लहान मुलासारखे उभे होते, रागवू तरी कोणावर? म्हटलं, "डिस्क आहे बाबा, घरी." आणि पळत सुटले.

घरी येते तर अंगणात सगळं देवघर वाळत पडलेलं. नारळी पौर्णिमेला घासायचं राहिलेलं, म्हणून आज काढलेलं. समया, ताम्हणं, घंटा, चिंच लावून लख्ख. वरची फळीसुद्धा धुतलेली!  दारातच बसले नि रडले, अगदी मोठ्याने.

सासूबाई हात पुसत आल्या. "काय जालं? ती डबी? ती कशाला धुईन मी? सगला कारखाना हाय बोललीस ना तिच्यात." आत गेल्या. तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं — माझ्या आईच्या मागच्या खेपेचा तांदूळ — आणि कोपरापर्यंत हात घालून डिस्क काढली. "पावसालो हाय. तांदलात कोरडी ऱ्हाते."

मी त्यांना मिठीच मारली. त्या खांबासारख्या ताठ. मग पाठीवर एक थाप मारली, जोरात.

१२ ऑगस्ट

विपुलभाईंनी दुकानातला जुना सर्व्हर दिला. वर म्हणतात, "कंत्राट मळे ना मळे, सुचिताबेन, मशीन तो चालवुं जोईए." कंत्राट मिळो न मिळो, मशीन चाललं पाहिजे म्हणे; किती भला माणूस! सर्व्हर ऑफिसातच, जमिनीपासून उंच, मागे खिडकी, वर पत्र्यावर ऊन अडवायला गवताची ताटी. एसी बुक केला. बाबांनी स्वतःच पैसे मोजले.

डिस्कवरच्या नोंदी परत चढल्या. खोल्यांच्या थंडीची नोंद तिथे लावलेल्या सेन्सरच्या पोटात होती, तीही मिळाली. पण बॅकअपनंतरच्या दिवसांची मासळी? काट्याच्या पावत्या होत्या, त्यांवरून भरायची. मी टाइप करणार, पण वाचून कोण दाखवणार? सासूबाई उंबऱ्यावर बसल्या, पाय बाहेर. एकेक पावती वाचत गेल्या, होडी, माल, खोली. मध्येच मला थांबवून म्हणाल्या, "वरची लाइन परत बघ. घोल लिवलास, सुरमय हाय." बरोबर होतं. इतक्या लांबून पडदा वाचत होत्या!

दुपारभर बसलो. मजा आली, खरंच सांगते.

१३ ऑगस्ट

नवऱ्याचा, ऋत्विकचा फोन, जहाजावरून. पापलेटशेजारच्या सर्व्हरची गोष्ट सांगितली. इतका हसला की लाइनच तुटली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पास! पास! पास!

तळोज्याहून अमिषा मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या, पण नजर अशी की मी दोनदा पदर सारखा केला. होडी विचारली, खोली दाखवली. आठवडाभराची थंडी विचारली, दाखवली. मग न विचारता वीज बंद केली त्यांनी! यूपीएस उभा राहिला, हूं की चूं नाही. एकही मोबाइल लावलेला नव्हता, नशीब.

"सर्व्हर गेला तर?"

"सोमवारीच गेला होता, मॅडम," मी म्हटलं. बाबा छताकडे बघायला लागले.

सगळं सांगितलं, तांदळासकट. मॅडम हसल्या. मग शेवटचं: "आणि तुम्ही नसाल तर? या खोलीची चावी कोणाकडे असते?"

बाबांनी अभिमानाने कमरेवर थाप मारली. "एकच हाय. माझ्याकडं."

मॅडमची भुवई वर. "एक चावी, एक माणूस — हे चालणार नाही, काका. दोन हव्यात. आणि काम येणारा दुसरा माणूसही." तेवढी एक अट घालून पास केलं.

त्या गेल्यावर बाबांनी चावी काढली. लवकर निघेना, किती वर्षांची गाठ. माझ्या हातावर ठेवली. "दुसरी करून घे. कोनाला द्यायची ते तू ठरव. ऑफिस तुझं."

अजून गरम होती चावी. मी ऑफिस उघडलं, बंद केलं, परत उघडलं. खुळी म्हणा हवं तर.

१६ ऑगस्ट, शनिवार

दुसरा माणूस कोण? हिशेबवाला मोबाइलशिवाय काही बघत नाही. विपुलभाई अलिबागला. खलाशांना विचारण्यात अर्थ नाही, परत यूपीएसवर फॅन लावतील.

बत्त्या कोण विचारत होतं? डिस्क कोणी वाचवली? घोळ नि सुरमई कोणी पकडली? आणि मी याला पाळत म्हणत होते! असो. ठरलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

अलिबागहून चावी करून आणली. सासूबाई चहा उंबऱ्यावर ठेवत होत्या, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "लगीन जालं तवापासून मागतंय गो मी ही चावी, सुचिता. कवा कोनी दिली नाय." डोळे पुसले, उंबरा ओलांडला, माझ्या खुर्चीत बसल्या. "हां. आता पासवर्ड सांग."