नसलेली चौकट

४ जून, बुधवार

स्क्रीनवरची एररची लाल ओळ गेली. कशी गेली ते इथेच लिहिते. ऑफिसात कोणाला सांगण्यासारखं नाही.

अकोल्याच्या मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेशअर्ज. पान दामिनीने बांधलेलं — तेल्हाऱ्याची मुलगी, सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आहे, नीट काम करते. पान उघडलं की एरर यायची: पालकाच्या फोनची चौकट सापडत नाही. संध्याकाळी सहाला काम द्यायचं होतं. दुपारी वीज गेली, माझं मशीन बंद पडलं. इन्व्हर्टर दामिनीच्या टेबलाला आहे आणि ती डबा खायला गेली होती. तिच्या खुर्चीत बसले. कारण शोधायला वेळ नव्हता. कोडमध्ये एक प्रश्नचिन्ह टाकलं. त्याचा अर्थ एवढाच: चौकट असेल तर वाच, नसेल तर गप्प बस.

पान गप्प बसलं. पाच वेळा अर्ज भरून पाहिला. पाचही वेळा गेला.

५ जून

अर्ज सुरू झाला. ऑफिसच्या मालकांनी, हरिहर सरांनी, सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला.

१८ जून, बुधवार

अकोल्याहून वसतिगृहाच्या अधीक्षिका कौशल्याबाईंचा फोन. मीच उचलला.

"अकरा अर्जांत पालकाचा नंबरच नाही. अपूर्ण म्हणून आमी बाद केले, यादीही लागली. काल एक माय पोरीले घेऊन आली. म्हणे, नंबर भरला होता. मंग गेला कुठी?"

कोणते अकरा, विचारलं.

"ज्यायले बाप नाही, त्या."

अर्जात प्रश्न आहे: वडील हयात आहेत का? 'नाही' निवडलं तरच खाली पालकाची चौकट येते. मी पाचही वेळा 'हो' निवडलं होतं. माझे बाबा आहेत. दुसरं उत्तर मनात आलंच नाही.

१९ जून

सरांनी नोंदी उघडल्या. कोडमधला प्रत्येक बदल ज्या मशीनवर झाला, त्या मशीनवाल्याच्या नावाने पडतो. नाव दामिनीचं.

"हे प्रश्नचिन्ह तू टाकलं काय वं?"

ती स्क्रीनकडे वाकली. "आठवत नाही, सर. पण पान मायंच हाय. मीच टाकलं असीन."

"असीन? अकरा पोरी बाहीर बसल्या, अन् तुले आठवत नाही?"

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. रिकामी होती. तरी लावून ठेवली.

तीस तारखेला तिची उमेदवारी संपते. सर म्हणाले, पाहू. सर 'पाहू' म्हणतात तेव्हा त्यांचं पाहून झालेलं असतं.

२० जून

आजही सांगितलं नाही.

२१ जून, शनिवार

दामिनी खुर्ची ओढून जवळ आली. वही घेऊन.

"ताई, मायं चुकलं कुठी, ते समजून सांगा मले."

मी सांगितलं. वाईट हे, की चांगलं सांगितलं.

"ते चौकट लपून राहते काय?"

"नाही. लपलेली असती तर सापडली असती. 'नाही' हे उत्तर येईपर्यंत ती चौकट पानावर नसतेच. आपण पान उघडल्या उघडल्या तिला शोधलं. सापडली नाही. 'नाही' हेच धरून बसलो. नंतर ती आली, मुलीने तिच्यात नंबर लिहिला, पण आपण परत पाहिलंच नाही."

"मंग पाहाचं कवा?"

"ती तयार झाली की पान चालवणारं फ्रेमवर्क कळवतं. तेव्हा धरायची. आधी नाही."

"अन् हे प्रश्नचिन्ह?"

"त्याने फक्त ओरड बंद होते."

तिने लिहून घेतलं. मग स्वतःशीच हसली. "इतकं सोपं होतं. मी बी यडीच हाय वो, ताई."

घरी येताना आठवलं — मी सारखी 'आपण' म्हणत होते.

२३ जून, सोमवार

दुरुस्ती दामिनीनेच केली. एकदम बरोबर. मग गावोगावच्या शाळांतून नंबर मिळवून अकराही घरी तिनेच फोन लावले. प्रत्येक घरी तेच: "मायी चूक होती, मावशी. तुमची नाही." शेजारच्या टेबलावरून मी अकरा वेळा ऐकलं.

कौशल्याबाईंनी दहा जणी घेतल्या. अकरावी शेंदूरजनाघाटची. तिच्या मामाने सांगितलं, "यादीत नाव नव्हतं, तवा तिच्या मायनं धसका घेतला. आता पाठवाले नाही म्हणते." दामिनीने पुन्हा लावला. उचलला नाही. ती बाहेर जाऊन आली. डोळे धुतलेले होते.

२६ जून

सरांना मेल लिहिली. एम.ए.ला असताना एकच गोष्ट शिकले — जास्तीचं काढून टाकायचं. काढत गेले. तिसऱ्यांदा वाचलं तर त्यात मी कुठेच नव्हते. 'बदल झाला.' 'तपासणी अपुरी राहिली.' पुसून टाकली.

भीती नोकरीची नाही. ती दुसरीकडे मिळेल. आठ वर्षांत सरांनी माझं काम उघडून पाहिलेलं नाही. ते पाहू लागतील, ही भीती आहे. एवढ्यासाठी एका मुलीची नोकरी जाऊ देते आहे. हे वाक्य लिहिलं म्हणून काही कमी होत नाही.

२७ जून

दामिनीने खोलीच्या मालकिणीला सांगून ठेवलंय — एक तारखेपासून खोली नको. मला म्हणाली, "तुमी काहून तोंड पाडून राहिल्या ताई? जाची पाळी मायी हाय."

३० जून, सोमवार

सांगितलं. दामिनीसमोर, सरांच्या टेबलापाशी उभी राहून. "प्रश्नचिन्ह मी टाकलं. त्या दुपारी तिच्या मशीनवर मी बसले होते."

सरांनी मान हलवली. "ताई, तुमी असं काही करान, हे मले वाटलंच होतं. आठ वर्षांत तुमची अशी चूक पाहिली नाही मी. पोरीसाठी सोतावर घेऊन राहिल्या." आणि तिच्याकडे वळून, "थांब वं तू. ताईच्या शब्दाखातर ठेवतो. हे जलमभर इसरू नको."

दामिनी वाकली. माझे पाय धरले.

मी तिला उठवलं. पुन्हा काही बोलले नाही.