बेडखाली चपला नाहीत

मंगळवार, संध्याकाळ

तीन दिवस लिहायचं टाळलं. लिहिलं की खरं होईल असं वाटायचं. दम लागतो म्हणून नगरला गोळी घ्यायला आलो, आणि उद्या सकाळी छाती उघडून हृदयाचा व्हॉल्व्ह बदलणार आहेत.

काल चहाला म्हणून निघालो तो थेट स्टँडवर, नाशिकच्या गाडीत. संत्या आणि फिरोजनं उतरवून परत आणलं. दोघं नागापूरच्या कारखान्यातले दोस्त, रजा टाकून इथंच बसलेत. तेव्हापासून माझ्या चपला संत्याकडं.

"ऑपरेशन झालं की देतो. अनवाणी कुठं पळतो बघू."

फिरोज म्हणाला, "याचा भरवसा न्हाई, पँट पन ठिवून घे."

हसलो. 

चपला असत्या तर आज पळालो असतो? बहुतेक व्हय. थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हळदीतूनही असाच गेलो होतो, कुणालाच न सांगता. त्यानंतर गावाकडं, बेलापूरला तोंड दाखवलं नाही. चपला तिथं नाहीत हे माहीत असून सारखं बेडखाली बघतोय.

आत्ताच आक्का आली. संत्यानंच कळवलं म्हणे. तिच्या हातात माझ्या चपला. त्या बेडखाली नीट लावून ठेवल्या आणि म्हणाली, "जायचं असंल तर जा. पण या खेपेला सांगून जा."