तांब्याची तार

किविलाहती,
१४ मे १९७२

चि. रेइनोस,
आउनेताईचे अनेक आशीर्वाद आणि एक सणसणीत चापट. दोन पत्रं पाठवली, तुझं एकाचंही उत्तर नाही. तुरुंगात माणसाला एवढं कसलं काम असतं रे?

खाडीतला बर्फ एकदाचा गेला. बाबांच्या मासे धरायच्या दोन्ही तांब्याच्या तारा काढून सफरचंदाच्या झाडापासून सौनाच्या न्हाणीघराच्या दारापर्यंत ताणल्या आणि रॉकेलच्या फडक्याने पुसल्या. कुठे पीळ नाही, गाठ नाही. माशांना फसवायला तू ठोकलेले पत्र्याचे चमचेही राखेने घासून ठेवलेत. तुझा तो वाकडा चमचा, ज्याला मी हसायचे, त्याच्यावरच मागच्या वर्षी सगळ्यात मोठा ट्राउट लागला, हे कबूल करते. बाहेरगावचे लोक आता सॅमनसाठी येतात. त्यांच्याकडे शिशाचे गोळे, ते खाली सोडायची यंत्रं, काय काय असतं. मी हाताने तार ओढताना दिसले की माझे फोटो काढतात. मी त्यांना जीभ काढून दाखवते.

आता न सांगण्यासारखं सांगते. मंगळवारी भर दुपारी मी धक्क्याजवळ बोट उलटी घालून डांबर लावत होते, तर विल्हो राउतिओ कुऱ्हाड घेऊन आला.  पहिला घाव वीतभर अलीकडे दगडावर बसला. एका डोळ्याचा माणूस, त्याला अंतर कुठे कळतंय! कोणीतरी फिदीफिदी हसलं. दुसरा आणि तिसरा मात्र बोटीच्या बुडात बसले. अडकलेली कुऱ्हाड त्याने बोटीवर पाय देऊन उपसली, पातं पाटलोणीला पुसलं आणि चालता झाला. मी ब्रश हातात धरून उभीच होते. सगळे म्हणाले की पोलिसात जा. मी गेले नाही. का, ते विचारू नकोस.

दोन फळ्या बदलाव्या लागतील. तब्येत सांभाळ, कोणाशी भांडू नकोस. माझी माया तुला ठाऊक आहे.
तुझी,
आउनेताई


२५ मे १९७२

ती. आउनेताईस,
साष्टांग नमस्कार. चापट पोचली, गाल अजून लाल आहे. इथे मी दिवसभर गाड्यांच्या नंबराच्या पाट्या ठोकतो, म्हणून उत्तराला उशीर. उरलेल्या पत्र्याचा एक चमचा ठोकला होता, वाकडाच. पहारेकऱ्याने काढून घेतला. म्हणाला, याने तू कोणाचा गळा चिरशील. मी म्हटलं, साहेब, याने फक्त मासा फसतो, तोही मूर्ख असेल तर.

पण ताई, तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. तू पोलिसात गेली नाहीस? त्या माणसाने दोन वर्षांपूर्वी बाबांच्या तारेवरून बोट घातली. तार त्याच्या इंजिनाच्या पंख्यात गेली आणि बाबांची चार बोटं घेऊन गेली. विष अंगात भिनलं, नवव्या दिवशी बाबा गेले. मातीला गेलो तेव्हा तो स्वतःच्या धक्क्यावर बसून जाळं विणत होता. मी त्याच्याच वल्ह्याने त्याचा डोळा फोडला. त्याची शिक्षा मी भोगतोय, त्याबद्दल माझं रडगाणं नाही. पण ज्याने बाप मारला त्यानेच वर कुऱ्हाड घेऊन यावं? आणि तू डांबर लावत बसावंस? तुझ्या जिभेला काय झालं? लहानपणी तर तू मला बोलून बोलून तळ्यात ढकलायचीस.

फळ्या देवदाराच्या घाल, स्वस्तातल्या घालू नकोस. आणि एकटी जातेस तर वळताना सांभाळ. बाबा म्हणायचे ते आठव: तारा पाण्यात असताना बटाट्याचं शेत मावेल एवढं वळण घ्यायचं. आतल्या बाजूची तार ढिली पडून बोटीखाली येते. आणि तार हाताला कधी गुंडाळायची नाही.

९ ऑगस्टला सुटतो. वेलदोड्याचा पाव करून ठेव. लोभ आहे तसाच राहो, तापट भावावर जरा जास्त.
तुझा,
रेइनो


किविलाहती,
१८ जून १९७२

चि. रेइनोस,
अनेक आशीर्वाद. 

आज सकाळी नव्या फळ्यांची बोट घेऊन खडकांच्या पलीकडे गेले होते. पाणी आरशासारखं. दोन्ही तारा तळाला लागल्या होत्या, मी हाताने झटके देत होते, आणि तुझ्या वाकड्या चमच्याला मासा लागला. चांगला दहा-बारा पौंडाचा असेल, डोकं हलवत होता ते मनगटापर्यंत कळत होतं. इतक्यात राउतिओची बोट दिसली. मला वाटलं, जाईल बाजूने. तो सरळ आला. मी ओरडले, शिव्या दिल्या, टोपी हलवली. तो पूर्ण वेगात माझ्या पाठीमागून दोन्ही तारांवरून आडवा गेला. तारा तटातट तुटल्या. मी मागे इंजिनाच्या पेटीवर आदळले, हनुवटी फाटली, सगळं रक्त गळ्यात.

मग त्याने इंजिन बंद केलं, बोटीत उभा राहिला आणि ओरडून म्हणाला की आता घातली बोट आडवी, आता खरं झालं, आता लिही तुझ्या भावाला. मी मासे मारायचा सोटा फेकून मारला. तो त्याच्या खांद्यावर बसला. तर हसला मेला! रडत होता की हसत होता कोण जाणे.

बाबांच्या दोन्ही तारा तळाशी गेल्या, आणि तुझा चमचाही. हनुवटीला सहा टाके आहेत. मी त्याला खाऊन टाकीन असं वाटतंय.
आशीर्वाद,
आउनेताई


२६ जून १९७२

ती. ताईस,
नमस्कार. इथे पत्रं उघडून वाचतात, म्हणून जास्त लिहीत नाही. सुटल्यावर मी मासेमारीला येतोय. सगळ्यात मोठा मासा पहिल्या दिवशीच काढणार. मागच्या खेपेला अर्धाच मारून सोडला होता, तीच चूक झाली. वल्हं मीच आणीन.

पुन्हा इथेच यावं लागलं तरी चालेल, पाट्या ठोकायची आता सवय झालीय. तू हनुवटी सांभाळ. तुझ्याकडून मला काही ऐकायचं नाही.
रेइनो


किविलाहती,
२ जुलै १९७२

चि. रेइनोस,
आशीर्वाद लिहायचा मला आज अधिकार नाही, तरी लिहिते. हे पत्र जे साहेब उघडतील त्यांनीही सावकाश वाचावं. त्यांनाही हे कळायला हवं.

राउतिओने तार तोडली नव्हती. मी तोडली.

त्या दिवशी सुकाणू माझ्या हातात होतं. वारा उलटा फिरला होता, मला थंडी वाजत होती, लवकर घरी जायचं होतं. बाबांनी मोठं वळण घे म्हणून सांगितलं, मी हो म्हटलं आणि आखूड घेतलं. पूर्ण वळले रे मी, गाढवासारखी! आतली तार ढिली पडली, बोटीखाली आली आणि आपल्याच पंख्यात गेली. बाबांनी तळ नीट कळावा म्हणून ती हाताला गुंडाळली होती. आयुष्यभर आपल्याला जे करू नका म्हणून सांगितलं, तेच. मी इंजिन बंद करेपर्यंत हात बोटीच्या कडेपर्यंत ओढला गेला होता. बोटं कुठे गेली ते पाहायला मी वाकले, तर पाण्यात काहीच दिसलं नाही, फक्त लाल.

राउतिओ लांब होता, निदान तीनशे हात. बाबांनीच मला सांगितलं की त्याचं नाव घे. पन्नास वर्षं तार ओढणाऱ्या माणसाने हाताला तार गुंडाळली आणि पोरीने वळण चुकवलं, हे धक्क्यावर कोणत्या तोंडाने सांगायचं, असं म्हणाले. पंख्याला गुंडाळलेली तार मी पकडीने कापली आणि पाण्यात टाकली. धक्क्यावर माणसं धावत आली तेव्हा बाबांनी स्वतःच सांगितलं. मी नुसती मान हलवली. मला वाटलं, चार दिवस बोलतील, बाबा बरे होतील, मग बघू.

मग बाबा गेले. आणि मातीच्या दुपारी तू वल्हं उचललंस. कोर्टात राउतिओ पट्टी बांधलेल्या तोंडाने सांगत होता की माझा पंखा बघा, ओरखडासुद्धा नाही. मी तिसऱ्या बाकावर होते. मी बोलले असते तर मेलेला बाप खोटा ठरला असता आणि तू एका निरपराध माणसाचा डोळा फोडलेला ठरला असतास. मी गप्प राहिले. तेव्हापासून त्याला कोणी सौनाला बोलावत नाही, त्याच्या शेजारी बोट लावत नाही. म्हणून मी पोलिसात गेले नाही. आणि तारा तुटल्या त्या दिवशी तुला तसं भडकवणारं पत्र लिहिलं, कारण हनुवटी दुखत होती आणि मी नीच आहे.

तू लिहिलंस की वळताना सांभाळ. पत्र माझ्या हातातून पडलं.

मारायचं असेल तर मला मार. घराचं दार उघडं असेल. त्याला हात लावू नकोस, पाया पडते.
आउने


किविलाहती,
३० जुलै १९७२

चि. रेइनोस,
चार आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. मागे चापट मारली होती, आता हात जोडते.

गेल्या रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सगळे कॉफीला बसले असताना मी उभी राहिले आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं.  म्हातारी हिल्या, जिने मला न्हाऊमाखू घातलंय, माझ्या बुटांवर थुंकली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दगड आला, त्याच्यामागून दुसरा. काचा मी गोळा केल्या, खिडकीला पुठ्ठा लावलाय. राउतिओ तिथे नव्हता, तो कॉफीला येतच नाही. त्याच्या दारापर्यंत जायची हिंमत मला झाली नाही.

तुझी गादी उन्हात घातली आहे. ये रे.
आउनेताई


किविलाहती, राउतिओचा धक्का,
१६ ऑगस्ट १९७२

ती. आउनेताईस,
नमस्कार. डाव्या हाताने लिहितोय. तुझ्या घरापासून पाऊण मैलावर बसून टपालाने पत्र पाठवतोय, याचं हसू येत असेल तर हस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटलं. चौघांनी धरलं. महिनाभर मी रोज तुला मनात मारलं, एकदा बाबांनाही मारलं. मग सुटलो आणि बसमधून उतरून सरळ इथे आलो. विल्हो धक्क्यावर जाळं विणत होता, त्या दिवशीसारखाच. मला पाहून उठला, पण पळाला नाही. मी त्याच्याच बोटीतलं वल्हं काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं की माझा डावा डोळा तुझा, घे. आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

ताई, त्याने मारलं. जीव खाऊन मारलं. पहिला फटका माझ्या कानाशेजारच्या खांबावर बसला, वल्ह्याला तडा गेला. दुसरा उजवीकडच्या गळ्याच्या हाडावर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. तिसऱ्याला त्याने डोक्याचा नेम धरला, वल्हं माझ्या नाकासमोरून गेलं आणि त्याच्या झोकाने तो स्वतःच पाण्यात पडला. ऑगस्टातही आपलं पाणी कसं असतं ते तुला माहीत आहे. मी एका हाताने त्याची कॉलर धरून त्याला वर ओढला. दोघे ओलेचिंब, कुडकुडत बसलो. तो माझ्या आईबापावरून, तुझ्यावरून, सगळ्या खानदानावरून शिव्या देत होता. म्हणाला, हरामखोरा, तू खुंटासारखा उभा राहतोस आणि मला तुला मारताही येत नाही, ते कोणामुळे? दोन उन्हाळे मी एका डोळ्याने माशाच्या शेजारचं पाणी जाळ्याने उपसतोय, ते कोणामुळे? मग रडला. मीही रडलो, हाड दुखत होतं म्हणून समज.

डॉक्टरकडे त्यानेच नेलं. वाटेत दोनदा गाडी खड्ड्यात घातली.

मी घरी येत नाही, गादी आत घे. त्याच्या बोटीवर जाळं धरायला आणि सुकाणू सांभाळायला राहतोय. दोघांत मिळून तीन डोळे आणि तीन हात आहेत, एका बोटीला पुरतात. त्याने मला माफ केलेलं नाही. जेवताना पाठ करून बसतो. तुझ्याबद्दल म्हणाला की तिने कॉफीच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं, माझ्या दारात येऊन मला सांगितलं नाही. हे बरोबर आहे त्याचं. तू येशील तेव्हा मी मध्ये पडणार नाही. त्याने वल्हं उचललं तरी नाही.

तुझ्या तारा त्याने तोडल्या, म्हणून त्याच्या पेटीतली एक जुनी तार टपालवाल्याच्या हाती पाठवली आहे. पीळ आहेत, काढून घे. ती दे म्हणून मी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी आम्ही खडकांच्या पलीकडे असू. तूही तिथेच असशील, ट्राउट आता तिथेच खोल बसलाय. वळण मोठं घे, ताई, आमच्या तारांवर येऊ नकोस. विल्हो तार हाताला गुंडाळतो, बाबांसारखीच, दोन वेढे. मी ओरडतो, पण म्हातारा ऐकत नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. आहे, एवढंच लिहितो.
रेइनो