चार आणे कोणी घेईना

शनिवार, मार्च २००२

आज आईला घेऊन मेन रोडवरच्या कानाच्या यंत्रांच्या दुकानात गेले. कारखान्यात घणांच्या आवाजात आयुष्य गेलं आणि बाबांना आता काहीच ऐकू येत नाही. आई गजरे विकते; त्यांच्या यंत्रासाठी ती कित्येक वर्षं प्रत्येक गजऱ्यामागे चार आण्यांचं एक नाणं बाजूला टाकत आली. काल तिने सगळी नाणी राखेने घासून लख्ख केली. कशाला घासली असतील?

दुकानदाराने आमच्या नाण्यांच्या पिशवीत डोकावून नकारार्थी मान हलवली. "ताई, चार आणे आता भाजीवालासुद्धा घेत नाही."

"सरकारने बंद केलेत का? तुम्हाला नाही म्हणता येणार नाही," मी चिडून म्हटलं.

"मग सरकारलाच द्या."

आई पुढे झाली. "दादा, घासलेली हायेत हो. एकबी खोटं नाय."

त्याने ती घासलेली नाणी हातातसुद्धा घेतली नाहीत.

तिथून बँकेत गेलो. मोजायला माणूस नाही, पुन्हा या म्हणाले. पुन्हा म्हणजे कधी, ते कोणी सांगेना. कायदा आमच्या बाजूने आहे म्हणे. काय करू त्याचं? माझा पगार तर घरभाड्यातच...

घरी बाबा दारातच उभे होते. "मिळालं का गं?" त्यांना स्वतःचा आवाजही कळत नाही, म्हणून ओरडूनच बोलतात. आईने हाताने खूण केली, उद्या. बाबा खुशीत हसले आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्या मिळणार हाय!"