बंदुकीच्या कागदावर माझी सही

रवींद्र भाऊजी,

काल फोनवर तुम्ही म्हणाले, "वहिनी, पोलीस ठाण्यात पडून राहिलेली दादाची बंदूक आता तुमच्या मयूरच्या नावावर करू. दिवसभर बागेत एकट्या राहता. संत्र्याचे चोर काय तुमचं तोंड पाहून पळतीन?" मी हसले. तोंड एवढं काही वाईट नाही माझं.

पण ती बंदूक घरात होती तेव्हाही चोऱ्या झाल्याच. रानडुकरांसाठी भरलेली ती तशीच राहिली, आणि दसऱ्याच्या पूजेसाठी पुसताना यांच्याच छातीत सुटली. कुंकवाचं ताट माझ्या हातात होतं. आमच्या घरात तिनं एवढंच रक्षण केलं.

मागच्या महिन्यात दोघे बागेत शिरले. मी बागेत कामाला असलेल्या केसरबाईला जोरात हाक मारली. ती, तिचा नवरा, शेजारचे मजूर काठ्या घेऊन धावले. चोर पोती टाकून पळाले. कोणी मेलं नाही.

वारसाच्या कागदावर माझी सही लागते, हे मी वाचलं आहे. उद्या तुम्ही सौंसरहून कागद घेऊन येणारच, म्हणून हे पत्र टाकत नाही, तोंडावरच सांगीन. सही करणार नाही. नवरा गेल्यावर मी जगले, पोरगा गेल्यावर जगणार नाही.

रागवा, पण जेवून जा.

तुमची वहिनी,
नलिनी, पांढुर्णा