आसईच्या लॉजवर मी, विहीण आन रोही

१ मे, शुक्रवार. दुपार.

आन सगळ्यांच्या आधी कोण पोचलं, तर विहीणबाई. पुण्याहून! आम्ही संभाजीनगरातून निघालो, अडीच तासांची वाट, तरी ही बाई पायरीवर पाय सोडून बसलेली. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. मला बघून हसली. असलं हसणं मला कळतं. माझ्या नातीच्या, अपेक्षाच्या शेजारची खाट तिनं आधीच धरली होती, उशीवर चष्म्याची डबी ठेवून.

आसईला मागं इंग्रजांची आन शिंद्यांची लढाई झाली म्हणत्यात. तिथंच जवळ हे रानातलं लॉज. लॉज म्हणलं की आमच्या पाचोडच्या बाया तोंडाला पदर लावत्यात, पण हे फॅमिलीचं हाय, बोर्डावर लिहिलंय.

माझा लेक इंद्रजीत म्हणला, आई, मे महिन्याची सुट्टी पुण्याच्या आजीकडं का पाचोडला, हे अपेक्षाच रविवारी ठरवील. नात आठ वर्षांची, पण लई समजदार. म्हंजे माझंच ठरलं. तरी तीन दिवस विहिणीशी भांडायचं नाय.

संध्याकाळी सहा.

विहिणीशी भांडले. तिनंच काढलं. म्हणं चटणीत तिखट फार, लेकराला बाधेल. मी म्हणलं, तुमच्या लेकीला धा वर्षं बाधलं नाय. तनुजा, म्हंजे सून, ताटावरून उठून गेली. माझ्या बाजूनंच उठली असंल.

२ मे, शनिवार. सकाळी नऊ.

जीपमधून रोही, म्हंजे शहरातल्यांची ती नीलगाय, बघायला नेलं. रोही! पन्नास वर्षं मी मोसंबीच्या बागेतून हाकलते ते, आन इथं लोकं कॅमेरे घेऊन बसल्यात. गाईड फारूखभाई, पांढऱ्या मिशांचे. म्हणाले, अम्मा, आवाज नको हां, बिलकुल चुप. मी म्हणलं, मला नका शिकवू, माझी हयात रानात गेली.

अपेक्षाला पाडसाचं चित्र काढायचं होतं. नाल्याच्या वळणाला पाच रोही, त्यात एक पाडस. तिनं पेन्सिल काढली, आन माझ्या तोंडातून हाऽऽ हुर्रर्रऽऽ असं निघालं की पाची थेट डोंगराकडं. एका आरोळीत रान मोकळं! ह्या वयात! वाटलं पोरगी टाळ्या वाजवील. फारूखभाई म्हणाले, अम्मा, लढाईच्या वक्ताला तुम्ही पायजे होत्या, इंग्रज बंदुका टाकून पळाले असते. जाणत्या माणसाला कदर असती. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुळीनं. विहिणीनं लगेच पुसलं. संधी सोडत नाय बाई.

संध्याकाळसाठी ठरवलंय, तोंडात पदराचा बोळा.

संध्याकाळी सात.

पाणवठ्यावरच्या मचाणावर बसवलं. बोळा कोंबला. मादी पाडसाला घेऊन आली, अगदी जवळ. बोळा शेवटपर्यंत जाग्यावर होता, हे लिहून ठेवते. तोंडातून हूं का चूं नाय. पण चप्पल गेली. हात आपोआप उठला, त्याला मी काय करू? पाडसाला लागली नाय, पाण्यात पडली. कळप गेला. विहीण म्हणाली, अहो ताई, काय हे! मी बोळा काढून म्हणलं, तुमच्या ग्यालरीतली कुंडी खाल्ली असती म्हंजे कळलं असतं. इंद्रजीत वरडला, आई, बास! ते तिला. सासूला बी तो आईच म्हणतो.

खोलीपर्यंत एका चपलेवर आले. अपेक्षा पुढं चालत होती. मला वाट दाखवायला.

३ मे, रविवार. नाश्ता झाल्यावर.

आज निकाल. अपेक्षा आपण होऊन माझ्याजवळ आली. मी न बोलवता. हळूच विचारलं, आजी, पाचोडच्या शेतात येतात का गं रोही? पाडसं?

मी विहिणीकडं बघत ताठ बसून सांगितलं, एक बी नाय! माझ्या जिवात जीव हाय तवर बागेत पाऊल ठेवू देणार नाय.

खरं तर रोज सात येत्यात. त्यातलं एक लंगडं पाडस कुंपणाला टेकूनच बसतं, मी काठी आपटली तरी हलत नाय, नुसतं बघत राहतं. पण आपल्या घरची उणीव विहिणीसमोर कोण सांगंल? अपेक्षा "बरं" म्हणाली आन उठली. पटलं तिला. मी पिशवी भरायला घेते, पोरीसाठी अंगणात झोका बांधायला लागंल.

४ मे, सोमवार. पाचोड.

काल संभाजीनगरच्या क्रांती चौकात दोन्ही गाड्या थांबल्या. अपेक्षा आमच्या गाडीतून उतरून विहिणीच्या गाडीत बसली. सबंध सुट्टी पुण्याला. त्यांच्या सोसायटीमागं मोर येत्यात म्हणं. खिडकीपाशी जाऊन मी विचारलं, का गं माय? तर म्हणाली, तुझ्याकडं तर काहीच येत नाही ना आजी, तूच म्हणालीस.

मी तोंड उघडलं. पण विहीण ऐकत होती. म्हणलं, व्हय, काहीच येत नाय.

तिकडं ऊन कमी असतं, पोरीच्या तब्येतीला बरं. मीच पाठवली असती.

इंद्रजीतनं मला घरी सोडलं, चहाला बी थांबला नाय. दसऱ्याला सगळे येतो म्हणालेत. कॅलेंडरात बघितलं. वीस ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी येऊन दुपारी निघणार.