मोहाखालचा पाला

१२ मार्च
पोहोचले. नागभीडपर्यंत एसटी, पुढे लोकेशची मोटरसायकल. लोकेश इथला वनरक्षक, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. वाटेत त्याने विचारलं, कांताबाई, वरोऱ्याचा कापूस सोडून या रानात काऊन आल्या? सावलीत बसायचा पगार मिळतो म्हणून, असं मी सांगितलं. वाघ भेटला तर माझं नाव सांगा, ओळखीचा आहे, म्हणाला. मीही हसले.

फायर वॉचरची खोली मनासारखी आहे. कौलारू छप्पर, सारवलेली जमीन, मागे विहीर. काम उन्हाळ्यापुरतं. जंगलात धूर दिसला की कळवायचं आणि कोणाला पाला पेटवू द्यायचा नाही. वाचनालयातून आणलेलं जंगलाचं पुस्तक खिडकीत ठेवलं. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले.

इथे का आले ते फक्त या वहीला सांगते. गेल्या मे महिन्यात माझे यजमान गोपाल याच जंगलात तेंदूपत्ता तोडायला आले होते. वाघाने नेलं. वरोऱ्याला एक लहानसं गाठोडं आलं. बाकीचे गोपाल जंगलाने ठेवून घेतले. म्हणून मी हेच जंगल मागून घेतलं.

२१ मार्च
मोहाची फुलं पडायला लागली. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, सोनीबाई रोज टोपली घेऊन येते. फुलं वेचायला जमीन स्वच्छ लागते, म्हणून इथले लोक झाडाखालचा पाला जाळतात. सोनीबाई आधी झाडाभोवती खराट्याने गोल झाडून काढते, मग आतल्या आत काडी लावते आणि ओली फांदी हातात धरून उभी राहते. ठिणगी बाहेर जाऊ देत नाही. हे थांबवणं माझं काम. तसं म्हटल्यावर ती म्हणाली, तू पुस्तकवाली बाई, आम्ही पोटवाल्या. मी अडवलं नाही. तिचं पावसाळ्याचं अर्धं खाणं या फुलांवर आहे.

दुपारी वाचत बसले. पाला म्हणजे कचरा नव्हे. उधई, म्हणजे वाळवी, तो कुरतडते; बुरशीचे पांढरे धागे तो कुजवतात. तेच धागे मुळांना चिकटून झाडाला पाणी आणि क्षार आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. त्यावर मोह उभा. मोहाच्या फुलांवर चितळ, चितळावर वाघ. वाघ सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो.

वरचा मजला पाडायला वर चढावं लागत नाही.

२ एप्रिल
तेंदूवाला माणूस कुठे सापडला होता, ते लोकेशला सहज विचारलं. नाल्याजवळचा मोठा मोह त्याने दाखवला. तो माणूस माझा कोण, हे त्याला माहीत नाही.

तो गेल्यावर भर दुपारी, वारा सुटलेला असताना, त्या मोहाखाली काडी लावली. गोल झाडलं नाही. आग नाला ओलांडून पलीकडच्या सागात गेली. मी उभी राहून बघितलं. बरं वाटलं.

४ एप्रिल
आग सोनीबाईच्या नावावर गेली. लोकेशने तिची टोपली ठेवून घेतली आणि या हंगामात जंगलात पाय टाकायचा नाही म्हणून सांगितलं. ती त्याच्याशी भांडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “मी गोल झाडल्याबिगर काडी लावत नाई. हे तुले मालूम आहे, बाई.”

मी विहिरीकडे बघत राहिले.

६ एप्रिल
नाल्याकडे जाऊन आले. मोह बुंध्यापासून काळा पडला आहे. राख उकरली, खाली काही जिवंत नाही. वारुळं तडकून रिकामी. पाखरू नाही, चितळाचा माग नाही. मला हवं होतं तसंच.

परत आले तर उंबऱ्यावर मातीची बोटभर जाड नळी. उधईची. एवढ्या उन्हात ओली.

७ एप्रिल
सकाळी खरवडून टाकली. जेवून उठेपर्यंत परत आली होती, बाजेच्या पायापर्यंत. पुस्तक उघडलं तर पुठ्ठे तेवढे उरलेले. आत माती.

८ एप्रिल
रॉकेल ओतलं. उपयोग नाही.

लोकेश बघून गेला. दाराची चौकट, वासे, बाहेरचं सरपण, कशालाच त्यांनी तोंड लावलेलं नाही. सगळ्या लाकडाला वळसा घालून नळ्या माझ्या बाजेकडे आल्या आहेत.

९ एप्रिल
टाचेच्या भेगांत पांढरे धागे. उपटले. दुखलं नाही. पण जमिनीखालून कोणीतरी उलट ओढ दिली— स्पष्ट जाणवली.

मी त्यांचं खाणं जाळलं. खालच्या मजल्यावर सगळे उपाशी आहेत. आता ते—

उद्याच्या एसटीने वरोऱ्याला जाते.

१० एप्रिल
पाय जमिनीवरून उचलत नाहीत.

नळ्या गुडघ्यापर्यंत. आत सारखी कुरकुर. ओरडले. लोकेश आज दुसऱ्या बीटात गस्तीला आहे.

दिवसभर एकच विचार. गोपालना वाघाने सगळं खाल्लं नव्हतं. उरलेले त्या पाल्यात पडून होते. उधईने नेले, धाग्यांनी मुळाशी नेले. वर्षभर ते मोहात चढत होते. यंदा फुलं झाले असते. सोनीबाईच्या टोपलीत—

मी वाघाला जाळायला गेले आणि कोणाला—

११ एप्रिल
समोरच्या भिंतीवर माती चढते आहे. खांदे. मान. ती मान मी ओळखते.

गोपाल, मला माहीत नव्हतं—

तोंड फिरवून आहेत. हात मात्र— हात माझ्याकडे येतो आहे—

१२ एप्रिल
ऊन आहे. दार मातीने भरलं. फटीतून सोनीबाई दिसते. भांडायला आली असेल. नावाने हाका मारते.

तिला सांगायचं आहे. काडी मी लावली. तिची टोपली परत—

ओठांवर माती. ओली. उघडले की आत येईल.

ती वळली. निघाली. आता नाही सांगितलं तर— उघडते—

सोनीबाई, का